आज कोण बोललं न्हाय?

शांताक्का, वडगावचं सेशन झालं.

वाईट झालं नाही. माणसं आली, बसली, ऐकलं, चहा घेतला आणि गेली. कागदावर होतं ते सगळं सांगून झालं. शॉक लागलेल्या माणसाला आधी हात लावायचा नाही, मेन स्विच बंद करायचा, श्वास थांबला असेल तर छातीवर दाब कसा द्यायचा, सगळं. सरावाच्या बाहुलीच्या छातीवर प्रत्येकानं दाबून बघितलं. एका आजीनं तर दाबून झाल्यावर बाहुलीच्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली.

एवढं सांगून मी थांबले असते. पण तू कधी थांबू दिलं नाहीस. सेशन संपवून बस स्टँडवर आलो की चहा यायच्या आधी तुझा प्रश्न यायचा. किती जण आले, वेळेत संपलं का, सामान सगळं परत आलं का, ह्या माझ्या चौकशा. तू विचारायचीस, "मंगल, आज कोण बोललं न्हाय गं?"

मला ह्या प्रश्नाचा राग यायचा. घसा बसलेला, पाय सुजलेले, एवढी माणसं बोललेली, आणि हिला न बोललेलं माणूस पाहिजे. मी म्हणायचे, "जे बोलले त्यांचं बघ की आधी." तू बशीत चहा ओतत म्हणायचीस, "त्येंचं काय बघायचं? ते बोललेत की."

परवा वडगावहून परत येताना स्टँडवर उतरले, सवयीनं त्याच टपरीवर चहा घेतला. विचारायला कोणी नव्हतं. पण ह्या वेळी माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते सांगितल्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही. म्हणून हे लिहिते आहे. रडारड करणार नाही. तुला आवडायची नाही, मला जमत नाही.

आपली जोडी संस्थेनं लावली ती निव्वळ सोयीसाठी. तू निपाणीची, साक्षरता वर्गात मोठ्या माणसांना अक्षरं शिकवून तयार झालेली. मी अनगोळची, दवाखान्यात नर्सिंगच्या पोरींना शिकवून कंटाळलेली. विषय प्रथमोपचार. साप चावला, भाजलं, शॉक लागला, तर डॉक्टर मिळेपर्यंत काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही. मी मराठीतून सांगायचं, तू तेच कन्नडमधून. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की मी दोन वाक्यं बोलले तर तुझी सहा होतात. मी घड्याळ दाखवलं. तू म्हणालीस, "तू सांगितलीस. मी इचारत होते."

पोरींना शिकवणं सोपं असतं. त्यांना परीक्षा असते, त्या घाबरतात, लिहून घेतात. मोठी माणसं घाबरत नाहीत. ती काम टाकून आलेली असतात, घरी भाकऱ्या राहिलेल्या असतात, आणि तुम्ही जे सांगणार त्याबद्दल त्यांचं मत आधीच तयार असतं. त्यांना शिकवायचं म्हणजे भरलेल्या डब्यात भरायचं. हे मला कळत होतं. उपाय मात्र माझा एकच होता, प्लॅन पक्का करणं. शनिवारी संस्थेच्या मागच्या खोलीत मी कागदावर चौकटी आखायचे: वेळ, विषय, सामान, कोण बोलणार. एकही चौकट रिकामी नाही. तू चुरमुरे खात बघत बसायचीस आणि मधल्याच एका चौकटीवर बोट ठेवायचीस.

"हे कोरं ठेव."

"किती?"

"वीस मिनिटं असूदे."

"आणि त्यात काय घेणार?"

"काय न्हाय."

"काही नाही म्हणजे? लोक कामं सोडून येतात, आक्का. त्यांच्या वेळेतली वीस मिनिटं काही नाही करायला?"

"त्येंचाच वेळ हाय न्हवं? मग त्येंच्यासाठीच ठेव."

मी मनात म्हणायचे, तयारी न करता येणारे लोक असंच बोलतात. एकदा तोंडावरही म्हणाले. तू हसलीस आणि चुरमुऱ्याचा पुडा माझ्याकडे सरकवलास. चौकट कोरीच राहिली.

खरं भांडण त्या चौकटीच्या जागेवरून होतं. माझं म्हणणं, आधी बरोबर काय ते सांगून टाकावं, मग लोकांना काय बोलायचं ते बोलू द्यावं. खोलीतल्या एखाद्या वडीलधाऱ्यानं आधीच चुकीचं सांगितलं तर ते खोलीत ठाण मांडून बसतं, मग कोणाच्या बापाच्यानं उठवत नाही. तुझं म्हणणं, चुकीचं डोक्यात असतंच. बाहेर आलं तर निदान दिसेल तरी. ह्या भांडणात आपण दोघींनी किती चहा संपवले असतील देव जाणे. मिटलं नाही. आजही मिटलेलं नाही, ते पुढं सांगते.

दुसरं भांडण आदल्या दिवशीच्या फेरीचं. कुठलंही सेशन ठरलं की तू आधी एक दिवस तिथं जाऊन यायचीस. एकटीच. कशाला, तर, "सतरंज्या बघून येते. सतरंज्या हायत का, पाणी हाय का, बायकांना संडास कुठं हाय." मी म्हणायचे, हे फोनवर कळतं. तू म्हणायचीस, फोनवर सतरंजी दिसत न्हाय. ह्या वयात दोन-दोन बस बदलून उन्हातान्हात सतरंज्या बघायला जाणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. घरात बसवत नसेल, असं मी धरून चालले.

बेळगुंदीच्या वेळचं आठवतंय ना? आदल्या दिवशी तू गेलीस आणि संध्याकाळी पिशवीभर रताळी घेऊन माझ्या दारात उभी. दुसऱ्या दिवशी आपण दोघी पोचलो तर समाजमंदिरात एकही सतरंजी नव्हती. माणसं खताच्या पोत्यांवर बसली. मी चिडून म्हटलं, "सतरंज्या बघायला गेलतीस आणि रताळी घेऊन आलीस." तू म्हणालीस, "गोड हायत. उकडून खा."

त्या दिवशी विषय सर्पदंशाचा होता. कोरी चौकट तू हट्टानं पहिल्यांदा घ्यायला लावली होतीस. तू दाराजवळ, बाजूच्या भिंतीला टेकून बसलीस. तुझी नेहमीची जागा. माझ्या शेजारी पुढं तू कधीच बसली नाहीस. दोघी पुढं बसलो तर तोंडं कोण बघणार, म्हणायचीस. मी विचारलं, इथं कोणाला साप चावलाय का, तेव्हा काय केलंत? आणि मला भीती होती तेच झालं. पुढच्या रांगेतले आप्पा उठले, पटका सारखा केला आणि पुतण्याची गोष्ट सांगायला लागले. बांधावर साप चावला, आप्पांनी सुतळी घेऊन पोटरी अशी आवळली, अशी आवळली की इख वर चढायला जागाच न्हाय. पुतण्या वाचला. सगळी खोली माना हलवायला लागली. मी तुझ्याकडे बघितलं. म्हटलं, आता बोल. आता ह्यांना 'सुतळी बांधू नका' कोण सांगणार?

तू मागच्या कोपऱ्याकडे बघितलंस. आणि तिथून आवाज आला.

"दोन बोटं गेली की त्याची. ते का सांगीना झालाय?"

त्या आप्पांच्याच घरच्या काकी. आप्पा वळले. "जीव वाचला न्हवं!"

"जीव दवाखान्यात वाचला. बोटं तुमच्या सुतळीत गेली."

खोली हसली, आप्पाही हसले, खाली बसले. त्यानंतर मी जे सांगितलं ते लोकांनी असं ऐकलं की माझ्या सगळ्या वर्षांत तसं कोणी ऐकलं नव्हतं. आवळून बांधायचं नाही, चिरा द्यायच्या नाहीत, चालवायचं नाही, पाय हलू न देता उचलून थेट मोठ्या दवाखान्यात. आप्पांनीच शेवटी पोरांना दरडावून ते पुन्हा म्हणून घेतलं.

परत येताना मी तुला म्हटलं, "नशीब. काकी नसती तर?"

"काकी असतीय."

"आज होती म्हणून. रोज असेल का?"

"परत्येक खोलीत एक काकी असतीय, मंगल. आपण तिला जागा ठेवायची."

ह्या तुझ्या वाक्याची मी किती टिंगल केली! संस्थेत सामानाची यादी करताना मी म्हणायचे, बाहुली एक, बँडेज दहा, काकी एक. तू तंबाखूची मिसरी लावत बसायचीस.

माना हलवण्यावरही तुझं बोलणं होतं. "मान हलली म्हंजे कळलं न्हवं. मान हलली म्हंजे, बाई, आता आवरा." मच्छे गावातल्या कारखान्यात तू ते प्रत्यक्ष दाखवलंस. पहिली पाळी संपवून आलेले लोक कँटीनमध्ये आपल्यासमोर बसवले होते. मी भाजण्यावर बोलत होते आणि माना एकसारख्या हलत होत्या. मला वाटलं, वा. तू भिंतीजवळून उठलीस आणि म्हणालीस, "मंगल, थांब. ही झोपल्यात." मग त्यांच्याकडे वळून, दोन्ही भाषांतून, "अण्णा, सगळ्यांनी डोळे मिटा. जरा वेळ झोपा. उठवायची जबाबदारी माझी." ते आधी लाजले. मग खरंच झोपले. एकजण घोरायला लागला. सुपरवायझर दारात येऊन उभा राहिला तर तू ओठांवर बोट ठेवलंस आणि तो बिचारा पाय न वाजवता परत गेला. उठल्यावर त्या लोकांनी एवढे प्रश्न विचारले की आपली बस चुकली. मी त्या दिवशी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. चांगलं झालं, एवढं म्हणायला काय जात होतं?

तू गेल्याचा फोन आला त्याबद्दल लिहीत नाही. निपाणीला आले तेव्हा घर भरलं होतं. पुढं बसायला जागा नव्हती म्हणून दाराजवळ भिंतीला टेकून बसले. तिथं बसल्यावर कळलं, तिथून सगळी तोंडं दिसतात. सगळ्या बायका एकदम बोलत होत्या, तुझ्या यजमानांना, भाऊजींना, समजावत होत्या, असं कसं झालं, तसं कसं झालं, आता स्वतःला सांभाळा. भाऊजी मान हलवत होते. मला तुझं वाक्य आठवलं. मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि समजवायचं सोडून नुसतं विचारलं, "ऊट आयता?" जेवलात का. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदा मान आडवी हलली. सकाळपासून त्यांना कोणी जेवायला वाढलं नव्हतं. आत जाऊन मी आमटी-भात वाढून आणला. ते जेवले. बास, त्या दिवशी माझ्या हातून झालेलं कामाचं तेवढंच.

आता वडगाव.

त्या विणकर गल्लीत पावसाळ्यात एका बाईला यंत्रमागाचा शॉक लागला, ती फेकली गेली म्हणून वाचली. त्यानंतर गल्लीनंच आपल्याला बोलावलं. हे सेशन आपण दोघींनी मिळून आखलेलं शेवटचं. तू सतरंज्या बघून आली होतीस. आल्यावर म्हणालीस, अमावास्येला ठेवूया, अमावास्येला माग बंद असतात. मी म्हटलं, अमावास्या महिनाअखेरीच्या पलीकडे जाते, हॉल गुरुवारी मिळतो, गुरुवारीच घेऊ. तू फार ताणलं नाहीस. चौकटीवर बोट ठेवलंस, "हे मात्र कोरं. आणि पयल्यांदा." मी म्हटलं, "आणि काकी?" तू म्हणालीस, "हाय."

त्यानंतरच्या आठवड्यात तू गेलीस. सेशन पुढं ढकललं. संस्थेनं विचारलं, बंद करायचं का? दुसरं कोणी कन्नड बोलणारं मिळेपर्यंत थांबायचं का? खरं सांगायचं तर बंद करावं असंच वाटत होतं. दमले आहे मी, आक्का. बॅगेतून बाहुली ओढत बस चढण्याचं वय राहिलं नाही. पण गल्लीतून दोनदा फोन आला. शॉक काही कोणासाठी थांबत नाही. म्हणून गेले.

सतरंज्या होत्या, दोन चांगल्या. गल्लीतले माग तेवढ्यापुरते बंद केले होते, लांबच्या एका घरातला मात्र चालू होता, त्याची खडखड येत होती. पुरुष पुढं, बायका मागं. मराठीतून मी बोलले आणि कन्नडमधून पण मीच बोलले, माझ्या बाजारातल्या कन्नडमधून. भाजी घ्यायला ते पुरतं. माणसाला बोलतं करायला पुरत नाही. दाराजवळ तुझ्या जागेवर माझी बॅग ठेवली होती.

कोरी चौकट पहिल्यांदा घेतली. तुझा शब्द पाळायचा म्हणून. विचारलं, इथं कोणाला शॉक लागला, तेव्हा कोणी काय केलं? कोणी बोललं नाही. पुन्हा विचारलं. एकजण खाकरला. माग खडखडत होता. मी थोडा वेळ उभी राहिले. तू किती वेळ गप्प बसू शकायचीस ते मला तेव्हा कळलं. मला नाही जमलं. मी बोलायला लागले. वायर तपासून घ्या, ओल्या हातानं स्विचला हात नको, शॉक बसताच वीज तोडणारा ट्रिपर बसवून घ्या. आणि मागाजवळ काम करताना पायात रबरी चप्पल घाला.

सगळ्या माना हलल्या. व्हय, व्हय. हौदु, हौदु. एकदम, एका लयीत. तू असतीस तर तिथंच उठली असतीस.

सेशन संपलं, माणसं गेली, गल्लीतले माग एकेक करून सुरू झाले. मी बाहुली पुसत होते. एक बाई मागं राहून सतरंजीची घडी घालत होती. पन्नाशीची, मागच्या कोपऱ्यात बसलेली, सगळा वेळ तोंडातून शब्द नाही. घडी घालता घालता म्हणाली, "त्या दुसऱ्या बाई आल्या न्हाईत?"

मी सांगितलं.

ती घडी घातलेल्या सतरंजीवर बसली. मग म्हणाली, "माझ्या घरी आलत्या की. अर्धा दिवस बसल्या. सुताच्या कांड्या भरू लागते म्हणल्या. लई वाईट भरतात हो! सगळ्या सुताचा गुंता. मी म्हटलं, बाई, तुम्ही नुसत्या बसा."

"सतरंज्या बघायला आल्या होत्या ना?"

"सतरंज्या? न्हाय की. माझ्या दिराचं इचारायला आलत्या. गल्लीत कोणाकडनं तरी कळलं असंल त्यांना."

तिनं सांगितलं ते तुला माहीतच आहे. तिच्या नवऱ्याला मागाचा शॉक बसला, दीर अनवाणी धावला, हातानं धरून ओढलं. नवरा सुटला. दीर गेला. फरशी ओली होती. ज्याला वाचवायला गेला तो घरात जिवंत, रोज डोळ्यांसमोर. म्हणून घरात त्यावर कोणी बोलत नाही, आणि घरात बोलत नाही म्हणून गल्लीही बोलत नाही. परवा तो नवरा पुढच्या रांगेत बसला होता. त्यानं बाहुलीच्या छातीवर दाब दिला तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, "जोर लावा जरा."

"त्यांनी आमच्या मालकास्नी पण इचारलं," ती म्हणाली. "ही बोलली तर चालंल का, म्हणून. मालक म्हणले, तिला सांगू दे. मग त्या मला म्हणल्या, मी दाराजवळ बसते. तुमच्याकडं बघते. मी बघितलं की बोला. न्हाय वाटलं तर गप बसा, मी काय म्हणणार न्हाय." तिनं दाराकडे मान केली. "मी दाराकडंच बघत होते, बाई."

दाराजवळ माझी बॅग.

नंतर ती उठली, आणि मला थोडी हसून म्हणाली, "आणि चपला कोण घालणार न्हाय हां. मागाला चप्पल घालून कोण शिवत न्हाय आमच्यात. खंडेनवमीला पूजतो आम्ही त्याला. तुम्ही सांगितलात, आम्ही माना हलवल्या."

"मग तुमच्या घरी काय करता?"

"फळी. दीर गेल्यापासून पायाखाली लाकडाची फळी. तिला पण हळदकुंकू लावतो, आता ती मागाचीच झाली."

मी म्हटलं, फळी कोरडी पाहिजे, आणि फळीवर भागायचं नाही, ट्रिपर लागणारच. तिनं मान नाही हलवली. म्हणाली, "ट्रिपरचं मालकास्नी सांगा. माझं ऐकत न्हाईत." हे तुला सांगायचं कारण, माझंही काही चुकत नव्हतं. बरोबर ते सांगायलाच लागतं. फक्त ते कोणाच्या नंतर सांगायचं, एवढाच तुझा-माझा वाद होता.

तर हे उत्तर. आज कोण बोललं नाही? मागच्या कोपऱ्यातली महादेवी. बोलायला तयार होऊन आली होती. नवऱ्याला विचारून आली होती. आणि गप्प घरी गेली, कारण तिच्याकडे बघायला कोणी नव्हतं.

बसमध्ये मला राग आला. तिचा नाही, तुझा. बेळगुंदीची रताळी आठवली. ती कोणाच्या अंगणात बसून घेतलीस ते आता मला कळलं. काकी असतीय, म्हणे! असतीय कसली, तू जाऊन शोधत होतीस. दोन बस बदलून, उन्हातून, कोणाच्या कांड्या भरत, कोणाची रताळी निवडत, ज्याच्याजवळ ती गोष्ट आहे असं एक माणूस हुडकत होतीस, आणि मला इतकी वर्षं ते नशीब म्हणून विकलंस. मी टिंगल करत राहिले, तू मिसरी लावत राहिलीस. एकदा सांगता येत नव्हतं?

निपाणीच्या बसेस उलट्या दिशेनं जाताना बघत होते, तेव्हा कारण कळलं. मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, ते तुला पक्कं माहीत होतं. मी चौकट भरली असती. 'अनुभवकथन: श्रीमती महादेवी, वीस मिनिटं.' तिला नावानं पुढं बोलावलं असतं, हातात माईक दिला असता, टाळ्या वाजवायला लावल्या असत्या. आणि ती बाई मेल्याहून मेल्यासारखी झाली असती. तू मला ओळखून होतीस. त्याबद्दल रागवायचं की काय करायचं ते ठरत नाही. आदल्या दिवशीच्या फेरीला मला एकदा बरोबर नेलं असतंस तर मी कदाचित शिकलेही असते. मोठ्या माणसांना शिकवायला तुला चांगलं जमायचं. मी पण मोठं माणूसच होते की.

महादेवीला मी निघताना विचारलं होतं, सगळ्यांना परत बोलावू का, आताच? ती म्हणाली, आता नको, माग लागलेत. अमावास्येला या. अमावास्येला माग बंद असतात, माणसं निवांत असतात.

तू हेच म्हणाली होतीस. माझ्या तोंडून तुला ऐकायचंच असेल तर, हो, हेच म्हणाली होतीस.

संस्थेत सांगून आले. वडगावचं सेशन पुन्हा घेणार आहे. ते म्हणाले, एकदा झालंय ना? मी म्हटलं, नाही झालेलं. कन्नड बोलायला कोण येणार म्हणाले, तर म्हटलं, गल्लीतच एकजण आहे, दाराजवळ बसायला लावते. महादेवी बसेल का माहीत नाही. तिला दाराजवळ बसवलं तर कोपऱ्यातून बोलणार कोण, तेही माहीत नाही. दुसरं कोणीतरी असेल. शोधायला लागेल.

अमावास्या शनिवारी आहे. आज शुक्रवारी निघाले तेव्हा घरच्यांनी विचारलं, सेशन उद्या ना, मग आज कुठं?

म्हटलं, सतरंज्या बघून येते.